बलकात घोटलेली पार्वती

इटलीतल्या त्या जुन्या चित्रकारांचं मी वर्गात सांगायला लागलो की मुलं फोन खाली ठेवतात. तेलरंग रुळायच्या आधीची ही माणसं. अंड्याच्या बलकात रंग घोटायचे, लाकडाच्या फळीवर केसाएवढ्या रेघा ओढत बसायचे. पाचशे वर्षं झाली, रंग तसाच. इथवर मी सांगतो. पुढचं कधी सांगितलं नाही.

कॉलेजात नवा लागलो तेव्हा ते करून बघायची खाज होती. आमचं घर लिंगायताचं, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, अक्कलकोटला मावशीकडे गेलेली. मी गच्चीवर अंडं फोडलं. सोलापूरचं ऊन, रंग कुंचल्यावरच वाळायचा. तरी पार्वती काढली, मांडीवर छोटा गणपती. मान मात्र त्या चित्रकारांच्या, बाळ येशूला घेतलेल्या मेरीसारखी कललेली.

अव्वा आली ती चित्रासमोर उभीच राहिली. "आत्ता बोलंल की रे ही!" मग नाक जवळ नेलं. "वास कसला येतोय?"

"जवसाच्या तेलाचा. रंगात घालतात."

चित्र देवघरात गेलं. रोज सकाळी अव्वा पार्वतीच्या कपाळाला विभूती लावायची, तीच बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावायची. मी चहा पीत बघायचो. उद्या सांगू, उद्या सांगू करत माझे केस पिकले.

गेल्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. एकदा म्हणाली, "मला पुरताना ती पार्वती मांडीवर ठेव. गळ्यातल्या लिंगाजवळ." आमच्यात माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, गळ्यातल्या लिंगासकट.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. सांगितलं.

ती छताकडे बघत राहिली. "कोंबडीचं?"

"व्हय अव्वा."

"आनि तू रोज बघत बसलास? च्या पीत?"

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

ती म्हणाली, "लिंगाजवळ नको ठेवू." मग भिंतीकडे तोंड केलं. "फेकू बी नको. लई चांगली काढलीस."

अव्वा श्रावणात गेली. मांडीवर काही ठेवलं नाही. चित्र माझ्या खोलीत आहे. पार्वतीच्या कपाळावर विभूतीचा थर बसलाय, ओल्या फडक्यानं निघेल. मी अजून फडकं लावलेलं नाही.