अक्कांची मापाची वही

"मला माफी नको. माझी वही आणून द्या," सुलोचना अक्का म्हणाल्या आणि मी अर्धा दिवस घालवून मंजुळाकडून लिहून घेतलेलं माफीचं पत्र त्यांनी माझ्याकडे परत सरकवलं. पंधरा वर्षांची मंजुळा शेजारी मान खाली घालून बसली होती. वही तिने नाल्यात फेकली होती.

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूत प्रोबेशन ऑफिसर होते. मूल गुन्ह्यात सापडलं की घरची चौकशी करायची आणि त्याला घरी सोडावं की संस्थेत ठेवावं, याचा रिपोर्ट कोर्टाला द्यायचा, हे माझं काम. मंजुळाने बनशंकरीच्या बसस्टॉपवर अक्कांची पिशवी पळवली होती. आत निघाली मापाची वही. अक्का लेडीज टेलर, आणि वहीत बावीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांची मापं. दिवाळी दीड महिन्यावर आलेली, कापडं दुकानात पडून, आणि बायका दुसरा टेलर शोधू लागलेल्या. इकडे मंजुळाची ही दुसरी चोरी. ती संस्थेत जाणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

"वही आता कुठून येणार, अक्का?"

"घरं मला पाठ आहेत, मापं नाहीत. गुडघ्यांमुळे मला जिने चढवत नाहीत. ही चढेल. टेप मी देते. पण दारात आधी सांगायचं, वही मीच फेकली म्हणून. सरी? कळलं ना?"

"आणि पळून गेली तर?"

"मग तुमचा रिपोर्ट स्वल्प लांब लिहा."

आमचे साहेब म्हणाले, "कायद्यात हे कुठे आहे?"

"नको असं तरी कुठे आहे, सर?"

"बघा. सही तुमची आहे."

मॅजिस्ट्रेटबाईंनी महिनाभरानंतरची तारीख दिली.

पहिल्या घरी मी सोबत गेले. मंजुळाने चोरीचं सांगताच बाईंनी दार लावून घेतलं. पोरगी जिन्यात बसून रडली. खरं सांगते, मी तिला घेऊन परत निघणार होते. पण तिनेच उठून पुन्हा बेल दाबली. "मला बोला, पण माप द्या. अक्कांचं काम अडलंय." बाई पाच मिनिटं मनसोक्त बोलल्या. मग माप द्यायला हात वर केले.

त्या दिवशीची सहा घरांची मापं तिने टेपच्या सेंटिमीटरच्या बाजूने आणली; अक्कांचं सगळं काम इंचांत. अक्कांनी कपाळाला हात लावला आणि तिला त्याच सहा घरी परत पाठवलं. तीही गेली. माझ्याच्याने ते झालं नसतं.

तारखेला अक्का नवी वही घेऊन कोर्टात आल्या. मॅजिस्ट्रेटबाईंनी पानं चाळली. सगळं अक्षर मंजुळाचं होतं, फक्त शेवटच्या पानावरचं वेगळं. तिथे नाव होतं मंजुळा, खाली छाती, कंबर, बाही.

"हे माप कुणी घेतलं?"

"मी," अक्का म्हणाल्या. "हिलाही दिवाळी आहे की."

मंजुळा घरी गेली. माफीचं पत्र मी फाइलला लावलं, ते कुणी उघडून पाहिल्याचं मला आठवत नाही. तेव्हापासून मुलाच्या हातात कागद देण्याआधी मी नुकसान झालेल्या माणसाला विचारू लागले, तुम्हाला काय हवंय?