तित्तर, मध आणि माझं भाषांतर

माझी फजिती ऐकायचीय म्हणता? सांगतो. पण हसायचं तर सुरुवातीलाच हसून घ्या, पुढं जमेलच असं नाही.

मी सोलापुरात एका कॉलेजात हेडक्लार्क. आम्ही पारधी. पण सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेलो आणि घरची बोली तिथंच विसरलो. हे ऑफिसात कशाला सांगतोय? उलट कॉलेजनं आदिवासी खाद्यगीतांचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा मीच पुढं होऊन प्राचार्य मॅडमना म्हटलं, माझी सख्खी मावशी गाते, अर्थ मी सांगतो.

बार्शीकडनं मावशीला एसटीनं आणलं. नवी पेठेतून तिला साडी घेतली. कुठलं गाणं म्हणू, तिनं विचारलं. मी म्हटलं, आई म्हणायची ते, तित्तर आणि मधाचं. आईला जाऊन वीस वर्षं झाली, त्या गाण्यातले हे दोनच शब्द मला आठवत होते. "त्येच?" मावशीनं पुन्हा विचारलं. मग बरं म्हणाली.

तिनं डोळे मिटून सूर लावला आणि मी माईक घेऊन सुटलोच. तित्तर ऐकू आलं की झणझणीत रस्सा. मध आला की पोळ्यातली धार. जिथं काहीच कळेना, तिथं मी भाकरी आणि ठेचा वाढला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द येत होता. दिलं ठोकून, याचा अर्थ 'वा, काय चव!', सगळ्यांनी म्हणा. काय सांगू तुम्हाला, अख्खं सभागृह टाळ्या वाजवत तो शब्द म्हणायला लागलं. मॅडमसुद्धा.

शेवटी मॅडमनी मावशीला विचारलं, यांनी अर्थ बरोबर सांगितला ना?

"व्हय की," मावशी म्हणाली. "आमचं लेकरू चुकंल कशाला?"

मी फुगलो. स्टँडवर तिला चहा पाजताना सहज विचारलं, तो शब्द नेमका काय गं?

तो शब्द म्हणजे 'नाही'. तित्तर घावलं नाही, मध मिळाला नाही, पीठ उरलं नाही. घरात काही नसलं की आई चुलीवर नुसतं पाणी ठेवायची आणि हे गाणं म्हणत बसायची. पोरांना वाटावं, काहीतरी शिजतंय.

आणि मी सभागृहभर लोकांना टाळ्या वाजवत 'नाही, नाही' म्हणायला लावलं होतं.

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, मावशी, तिथंच थांबवायचंस की मला.

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, चारचौघांत, पन्नाशीच्या हेडक्लार्कचं.

"तुला कसं ठावं आसंल," ती म्हणाली. "गानं संपायच्या आत तू झोपायचास. आन् तू झोपावंस म्हनूनच ती म्हनायची."