दहा मिनिटं पुढे

ड्यूटीचं घड्याळ मी दहा मिनिटं पुढे केलं. कुणाचा हुकूम नव्हता, काही अडलेलं नव्हतं. चित्रांच्या एका पुस्तकासाठी केलं. तेव्हा माझं वय सव्वीस होतं, बारा नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमची पोस्ट उत्तर सीमेवर, एका उघड्या धारेवर. नऊ जवान आणि सुभेदार साहेब. समोरच्या डोंगरावर त्यांची पोस्ट. तिकडून आठवड्यातून दोन-तीनदा गोळे यायचे, तेही दुपारनंतर. त्यामुळे सकाळ आपली, असं आम्ही धरून चाललो होतो.

सेंट्री ड्यूटी दोन तासांची. थंडीत कुणाचं घड्याळ कधी बंद पडेल नेम नसायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. म्हणून सुभेदार साहेबांनी हुकूम काढला : ड्यूटी एकाच घड्याळावर. ते सेंट्रीच्या मनगटावर राहील. सेंट्री बदलला की घड्याळ नव्या मनगटावर.

हुकूम चांगला होता, माणसं आमच्यासारखी होती. रात्री उभा असताना प्रत्येक जण काटा पाच-सात मिनिटं पुढे ढकलायचा. सकाळी सहाला रेडिओवर खरी वेळ मिळायची, तेव्हा आमच्याकडे साडेसहा वाजून गेलेले असायचे. साहेब काटा मागे घेत म्हणायचे, "सगळ्या हिंदुस्थानात पहिला सूर्य तुमच्या पोस्टवर उगवतो रे, हरामखोरांनो."

कॉमिक मीच आणलं होतं. वडील सिल्वासाला सरकारी कचेरीत कारकून. सुट्टी संपवून निघताना बाजारातल्या रद्दीवाल्याकडून मी ते उचललं. हिंदी होतं. त्यातला हिरो मनगटावरच्या यंत्राचा काटा फिरवायचा आणि शेकडो वर्षं मागे जायचा. आम्ही त्याला काटेवाला म्हणायचो. पोस्टवर त्याची रोज चौकशी बसायची.

"लाल कपडे घालून पेट्रोलिंगला जातो? पहिल्याच दिवशी गेला."

"आडोसा म्हणून नाही. मोकळ्यावर कमरेवर हात ठेवून उभा."

"ह्याला रेशन कोण पोचवतं?"

लान्स नायक सुकलालची तक्रार वेगळी. तो धुळ्याकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. "मागं जाऊन राजेच काय वाचवतो, भो? माझ्या बापानं विहीर चुकीच्या जागी खोदली. तिथं जा म्हणा त्याला. चार हात उजवीकडं, एवढंच सांगायचं आहे."

पुस्तकाचा नियम सोपा होता. ड्यूटीवर जाणाऱ्यानं ते सुटणाऱ्याच्या हातात द्यायचं. त्या सकाळी माझी ड्यूटी ०८०० ते १०००, नंतर सुकलालची. काटेवाला एका भुयारात अडकला होता, यंत्र बंद पडलं होतं, आणि पुढची पानं आत सुकलालकडे होती. मी दोन तास त्या भुयाराचाच विचार करत उभा होतो. समोरच्या डोंगराकडे बघत होतो, पण बघणं आणि लक्ष देणं यात फरक असतो.

घड्याळात नऊ त्रेचाळीस झाले. मी काटा नऊ त्रेपन्नवर नेला. सात मिनिटांनी हाक मारली, "सुकलाल, दहा वाजले."

तो बाहेर आला. "व्हई गया टाइम? आज लवकर वाजले, भो."

"पुस्तकात गुंगला असशील."

त्यानं घड्याळ बांधलं, पुस्तक माझ्या हातात दिलं. "मधलं पान सांभाळ, पिन निघाली आहे. आणि शेवट सांगू नको मला."

मी बंकरमध्ये गेलो. चार पानं वाचली. गोळा पडला.

एकच आला. त्यानंतर दिवसभर काही नाही. ऑपरेटर वायरलेस सेटवर होता.

"चार्ली पोस्ट. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"स्टेटस? ओव्हर."

ऑपरेटरनं दाराकडे पाहिलं. सुभेदार साहेब नुकतेच आत आले होते. त्यांनी मान हलवली.

"फेटल. ओव्हर."

लॉगमध्ये वेळ पडली ०९५४. सेटची वेळ, म्हणजे खरी वेळ. दहाला सहा मिनिटं कमी. त्या वेळी तिथे उभं राहण्याचं काम माझं होतं.

साहेबांनी सुकलालच्या मनगटावरचं घड्याळ काढून आणलं. चालू होतं. त्यांनी ते सेटच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि सगळ्यांसमोर काटा दहा मिनिटं मागे घेतला. शिवी दिली नाही, कुणाचं नाव विचारलं नाही. कपड्यानं काच पुसून घड्याळ पुढच्या सेंट्रीला दिलं. मी बुटांच्या नाड्या बघत होतो. साहेबांनी एक थोबाडीत मारली असती तर माझी पुढची बरीच वर्षं वाचली असती.

पंधरा वर्षं भरली, पेन्शन घेऊन मी सिल्वासाला परतलो. जवळच्या मसाटच्या एका यार्न कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. शिफ्ट सुटली तरी गेटवर दहा मिनिटं जास्त उभा राहायचो. गार्ड हसायचे. "साब, आपकी घडी दस मिनट पीछे है क्या?" मी हो म्हणायचो.

कॉमिक्सही आणायचो. जिथे कुणी मागच्या काळात जातं अशी सगळी. चाळिशीकडे झुकलेला माणूस रद्दीवाल्याकडे उकिडवा बसून चित्रं चाळतोय, हे दृश्य काही शोभेचं नव्हतं. कुणी हजार वर्षं मागे जायचा, कुणी थेट डायनासोरकडे. दहा मिनिटं मागे गेलेला एकही भेटला नाही. मी हिशेब करून पाहायचो : काटा मागे घेतला, तर नऊ चोपन्नला मी बाहेर आणि सुकलाल आत. मग माझ्या आईला सांगायला तो आला असता. आणि तो पुढच्याच सुट्टीत आला असता.

मी त्याच्या घरी गेलो नव्हतो.

मग एके दिवशी कंपनीत नव्या बायांची भरती झाली. गेटपास मी लिहीत होतो. एका अर्जावर पतीचं नाव सुकलाल, पुढे गाव, पुढे 'मयत, फौज'. समोर त्याची बायको, सुमनबाई, उभी. भावाबरोबर राखोलीला राहायला आली होती. मी पासवर सही केली, मान वर केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गलोंड्याच्या युनिटला बदली मागितली. कारण दिलं, मसाटची हवा सोसत नाही. गलोंड्याला जणू काश्मीरची हवा होती.

चार महिने असे काढले. ड्यूटीवर असताना वीरगती, एवढंच तिला कळवलेलं होतं. ती ड्यूटी कुणाची होती हे जाणण्याचा तिचा हक्क होता, आणि सांगू शकणारा माणूस रोज सायकलवरून तिच्या वस्तीला वळसा घालून जात होता. शेवटी एका रविवारी दुपारी राखोलीला तिच्या खोलीवर गेलो. तिनं सतरंजी टाकली, चहा दिला आणि परातीत मेथी निवडायला बसली.

मी सांगितलं. घड्याळाचा हुकूम, नऊ त्रेचाळीस, नऊ त्रेपन्न, लॉगची वेळ. कॉमिकचंही सांगितलं. रात्री झोप नसते ते, गेटवर उभा राहतो ते, गलोंड्याचं, सगळं. म्हटलं, "वहिनी, तिथे मी हवा होतो."

तिचे हात थांबले नाहीत. एक जुडी निवडून झाल्यावर तिनं विचारलं, "त्या सकाळी त्यांनी काही खाल्लं होतं का?"

मला आठवेना. पुऱ्या होत्या की शिरा, की नुसताच चहा. तो माझ्यापासून दहा पावलांवर होता आणि मला आठवेना. मी म्हटलं, "नऊ पन्नासला मी त्याला हाक मारली, तेव्हा..."

तिनं परात बाजूला सारली.

"भाऊ, आल्यापासून तुम्ही तुमचंच सांगताय. त्यांचं काही सांगायचं असेल तर बसा. नाहीतर मला भाजी टाकायची आहे."