आप्पांचं हसू

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा पारनेरला आमच्या पुढच्या खोलीत लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग चालायचं. शूटिंग नवरा करायचा, कॉम्प्युटरवर मी बसायची. प्रत्येक लग्नात बदामाच्या आकारातून नवरा-नवरी बाहेर काढायची त्याला भारी हौस. मला त्या बदामांचा वीट आला होता.

गल्लीतल्याच एका मुलीचं लग्न झालं. बुद्धवंदना झाली, लोकांनी फुलांच्या पाकळ्या उधळल्या आणि कुणाचा तरी नेम चुकून मूठभर पाकळ्या थेट तिच्या वडिलांच्या चष्म्यावर बसल्या. हे आप्पा नागापूरच्या कारखान्यात कामाला. चेहरा असा, की फोटोवालाही त्यांना हसा म्हणायला कचरायचा. ते चक्क हसले, आणि पापणी लवेपर्यंत हसू गेलंसुद्धा.

मांडवपरतणीला माहेरी आलेल्या मुलीने कॅसेट पाहिली आणि तशीच माझ्याकडे आली. "वहिनी, आप्पांचं तेवढं हसू मला सासरी न्यायचंय. पन दिसतंय न दिसतंय तोवर जातंय. जरा टिकंल असं करा की."

नुसतं सावकाश चालवलं, तर आप्पा खडकाळ रस्त्यावरच्या एसटीत बसल्यासारखे धक्के खात हसत. आमच्याकडे एक नवा प्रोग्रॅम होता. तो दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच तयार करून भरायचा, मग हालचाल सलग दिसायची. पण तेवढ्या चित्रांची फाइल सेव्ह व्हायला अख्खा दिवस लागे आणि डिस्कवर जागा नव्हती. मी नवऱ्याचे सगळे बदाम पुसून टाकले. फार बरं वाटलं.

फाइल होत आली आणि नळाला पाणी आलं. घरोघरी मोटारी सुरू, व्होल्टेज खाली, कॉम्प्युटर बंद. अर्धवट फाइल उघडेचना. मी रडकुंडीला आले, कारण मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने निघणार होती.

सकाळी पुन्हा लावलं. आप्पांना सुट्टी होती. व्होल्टेजपायी लेकीचं काहीतरी काम अडलंय एवढंच त्यांना कळलं, आणि ते घरोघर बजावून आले, की आज मोटार न्हाई, मिक्सर न्हाई, इस्त्री न्हाई. त्या चेहऱ्यापुढे कोण बोलणार? बायकांनी पाटे-वरवंटे काढले, पाणी बादल्यांनी भरलं. आप्पा आमच्या दारात खुर्ची टाकून बसले. आपण कशाची राखण करतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि आत मी आणि त्यांची लेक तोंडाला पदर लावून हसत होतो.

दुपार कलताना फाइल झाली. ती कॅसेटवर उतरवून आप्पांना टीव्हीसमोर बसवलं. पाकळ्या तरंगत आल्या, चष्म्यावर टेकल्या. मिशी हलली, गाल वर चढले आणि हसू सावकाश डोळ्यांपर्यंत पोचलं. लेकीने वडिलांचा हात घट्ट धरला होता.

"दात लई दिसत्यात," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

गाडीची वेळ झाली म्हणून मुलगी पिशवी घेऊन उठली. आप्पांनी तिच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"येष्टी जाऊ दे. उद्या जाईल ती. पोरी, पुना लाव."