बोर्डावर जागा नव्हती

परवापासून आमच्या गल्लीत एकच बातमी: सिंधुकाकूंनी लातुरात भर सभेत, नवऱ्याच्या सत्काराचा नारळ नवऱ्याच्याच टाळक्यात हाणला. शेजारच्या उज्ज्वलाबाईंनी तर टाकेसुद्धा मोजून सांगितले. खोटं हो! नारळ शाबूत घरी आला, काल त्याची चटणी झाली आणि बापूसाहेबांनी ती दोनदा मागून घेतली. टाळकंही शाबूत आहे. फुटलं ते भांडं.

बापूसाहेब म्हणजे नांदेडच्या ‘बापूसाहेब फोटो स्टुडिओ’चे मालक, आणि सिंधुकाकू त्यांच्या मंडळी. लोकांना वाटायचं, काकू दुकानात काच पुसतात नि गिऱ्हाइकाला कंगवा देतात. खरं असं, की लग्नात पुरुषांच्या मांडवात बापूसाहेब आणि बायकांच्या खोलीत काकू. डोहाळजेवण, चुडा भरणं. तिथं गड्याला कोण येऊ देतंय? दुकानात कॅमेरे दोन, फ्लॅश मात्र एकच, आणि तो अर्थातच मांडवात. काकूंच्या वाट्याला खिडकी.

त्या खिडकीनंच काकूंना शिकवलं. बापूसाहेबांचा नियम साधा: रोलच्या डब्यावर त्याच्या वेगाचा आकडा दोनशे लिहिलाय, तर कॅमेऱ्याची उजेडाची चकती दोनशेवर. तसं केलं की हिरव्या शालूचा चिखल व्हायचा आणि खिडकीकडं पाठ करून बसलेल्या बाईचं तोंडच गायब. चार-सहा रोल वाया गेले, शिव्या खाऊन झाल्या, मग काकूंनी गुपचूप चकती शंभरवर आणली. म्हणजे रोलला दुप्पट उजेड. आणि तो मोजायचा खिडकीकडं बघून नाही, कॅमेरा गालाच्या सावलीतल्या बाजूजवळ नेऊन. रंगीत रोल जास्तीचा उजेड पोटात घालतो, कमी पडलेला माफ करत नाही. हे काकूंना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. शटर हळू चालायचं, म्हणून त्या दरडावायच्या, “श्वास धरा गं बायांनो! हललात तर भुतं दिसाल!”

फोटो असे यायचे, की मुखेडचे लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी दुकानात विचारायला येत. फोटोच्या मागं शिक्का बापूसाहेबांचा. एकदा पेंटर बोर्ड रंगवायला शिडीवर चढला होता. काकू म्हणाल्या, “अहो, खाली माझंबी नाव टाका की, बारीक.”

“जागा कुठं हाय?” बापूसाहेब म्हणाले. पेंटरनं त्या जागेवर दोन मोर काढले.

आता लातुरात जुन्या रोलच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. भरवणारी विशाखा, कॉलेजात शिकवते आणि हौसेनं अजून रोल वापरते. बापूसाहेबांना सत्काराचं बोलावणं आलं. एसटीत बसतानाच काकूंनी सांगून ठेवलं होतं, “आज तेवढं बोला. बायकांचे फोटो हिचे म्हणून. बाकी काही नको.”

“हाव, बघू,” म्हणत बापूसाहेबांनी खिडकीची जागा धरली.

भिंतीवर बावीस फोटो होते. काकूंनी दारातूनच मोजले: एकोणीस आपले. खाली नाव एकाचंच. त्या तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या. शाल झाली, नारळ झाला. बापूसाहेब वीस मिनिटं बोलले. एका मंत्र्याच्या फोटोवरच सात मिनिटं. काकू वाट बघत राहिल्या. भाषण संपलं.

मग विशाखानं एका फोटोकडं बोट केलं. “काका, या डोहाळजेवणाच्या खोलीत एवढीशी खिडकी. तरी सावलीतली ही म्हातारी इतकी स्वच्छ कशी आली?”

“अनुभव, पोरी! डब्यावर दोनशे, तर चकती दोनशेवर.”

“मी तसंच करते काका. माझ्या रोलवर चेहरे काळे येतात.”

“मग रोल धुणाऱ्याची चूक.”

“शंभरवर ठेव, पोरी,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “अन् मोज सावलीत. मधली ती मनीषा हाय, कंधारची. सातवा महिना होता. म्हातारी म्हंजे तिची आई, खिडकीकडं पाठ करून बसलेली, ऊठ म्हणलं तर उठंना. मग मी तिच्याच गालावर मोजलं.”

मागून एक बाई ओरडली, “मग बापूसाहेब, तुम्ही तिथं ओटी भरून घ्यायला बसला होता काय?”

सगळे हसले. बापूसाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. “अहो, घरचीच हाय! माझ्याच हाताखाली तयार झाली.” आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या!

विशाखाचा चेहरा उतरला. पेन काढून तिनं फोटोखालच्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘साहाय्य: सौ. सिंधू’. काकूंनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा डबीत ठेवला आणि नारळ पिशवीत घातला.

परतीला गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. बापूसाहेबांनी दोन चहा आणले, हे लग्नापासून बहुधा पहिल्यांदाच. काकूंनी कप घेतला.

“सिंधू, मनाला किती लावून घेतेस? बरं, बोर्डावर टाकू तुझंबी नाव. मोर पुसून टाकू, झालं?”

काकू म्हणाल्या, “दुकान बंद पडून सहा वर्षं झाली. आता कुलपावर टाका.”