मायची जास्वंद

मिरचीचा शेवटचा तोडा आटोपला आणि माझी माय भिवापूरकडच्या गावाहून नागपूरला माझ्याकडे राहायला आली. आली म्हणजे मी जाऊन आणली. बाबा गेल्यापासून ती तिथं एकटीच होती, आणि मी तिची एकुलती एक लेक. पण जावयाच्या घरी कायमचं राहायचं ही गोष्ट काही तिच्या घशाखाली उतरत नव्हती. शेवटी निघाली ती अंगणातली तीन झाडं मुळासकट खोदून, ओल्या बारदानात गुंडाळूनच. जास्वंद, तगर आणि मोगरा. बसमध्ये कंडक्टर कुरकुरला, तर मुळांवर पाय देऊ नको म्हणून तिनं त्यालाच दटावलं.

घरात शिरायच्या आधी फाटकाशी उभं राहून तिनं जावयासमोर अट घातली.

"हे झाडं इथं लागले त मी राहीन. नाही लागले त आपली भिवापूरची गाडी."

नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण माझ्या अंगणात काय आहे ते मला ठाऊक होतं. घर बांधताना ठेकेदारानं उरलासुरला सगळा मलबा तिथंच दाबला होता. खड्डा खणायला बसलो तर विटांचे तुकडे, टाइल्सचे तुकडे आणि कोणाची तरी एक चप्पल निघाली. त्यात होळी होऊन गेलेली. या दिवसांत आमच्या नागपुरात जिता माणूस दुपारी कोमेजतो, तिथं उपटून आणलेल्या झाडाचं काय घेऊन बसलात!

मायसाठी मी कपाटाचा एक खण रिकामा करून ठेवला होता. तिनं त्यात रुमालसुद्धा ठेवला नाही. तिची पातळं पिशवीत, पिशवी खाटेखाली, पिशवीची चेन लावलेली. सकाळी एक काढायची, वाळलेलं घडी करून परत आत. ती पिशवी दिसली की मला तिची भिवापूरची गाडी आठवायची. म्हणून रोज सकाळी चहा देताना मी विचारायची, माय, करमते ना? ती हो म्हणायची. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला की तोही विचारायचा. ती त्यालाही हो म्हणायची आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढायची.

झाडांसाठी मात्र मी कंबर कसली. सिग्नलवर उन्हाळ्यात हिरवी जाळी लावतात ना, तशी जाळी आमच्या गाडीवर होती. ती काढून मी झाडांवर ताणली. नवऱ्याची गाडी उन्हात तापू लागली, स्टेअरिंगला हात लावला की तो भाजल्यासारखा ओरडायचा. मी म्हटलं, गाडी काही परत गावी जात नाही. बुडाशी वाळल्या पानांचा आणि गवताचा जाड थर दिला. सकाळी उन्हं चढायच्या आत पाणी. नवरा एकदा कूलरचं उरलेलं पाणी बादलीत भरून घेऊन निघाला होता, त्याला अर्ध्या रस्त्यातून परत फिरवलं. आमचं बोअरिंगचं पाणी आधीच खारट, त्यात ते कूलरमध्ये आटून आटून आणखी खारट झालेलं.

इतकं करूनही जास्वंदीनं पानं टाकली. मग तगरीनं टाकली. जागा बदलली की झाड रुसतं, इतकं मलाही समजतं, म्हणून मी धीर धरला. नखानं साल जराशी खरवडून पाहिली तर आत हिरवं होतं. म्हणजे जीव होता. पण रोज सकाळी पाहावं तर बुडाशी माती फाटलेली आणि झाडं तिरपी. मी माती दाबायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी शेजारणीच्या मांजरावर संशय घेतला. नुसता घेतला नाही, भिंतीवरून तिला ऐकवलासुद्धा. ती म्हणाली, आमचं मांजर तुमच्याकडं ढुंकूनही पाहत नाही. मी म्हटलं, पाहत नाही, उकरते. झालं, दोघींचं बोलणं बंद.

मग एक दिवस मला लवकर जाग आली. दूध आलं का पाहायला दार उघडलं तर माय जास्वंदीपाशी उकिडवी बसलेली. तिनं खोड मुठीत धरलं, इकडून तिकडे हलवलं आणि हळूच वर ओढून पाहिलं. मग तगरीपाशी सरकली. तिलाही तसंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, माय, हे काय करून राहिली तू? ती म्हणाली, मुळं धरली का पाहून राहिली. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. जाळी, गवत, खारं पाणी, मांजर, शेजारीण, सगळं काढलं. रोज अशी हलवून पाहशील तर ती बिचारी धरतील कधी, नवीन फुटलेलं मूळ तुझ्याच हातानं तुटते, हेही म्हटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, हाताची माती झटकली.

"मंग तू काहून मले रोज विचारते वं, करमते का म्हणून? मी बी त आताच आली."

मी दुधाची पिशवी घेऊन आत गेले. गॅसपाशी उभी राहून रडले, आणि दूध उतू गेलं.

त्या दिवशी तिन्ही झाडांना बांबूच्या कामट्या रोवून सैल बांधलं. कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. मायला मी नुसता चहा द्यायला लागले. नवऱ्याला तर तंबीच दिली, तेव्हा तो घरी आल्यावर तिच्याशी कूलरबद्दल बोलू लागला. सुरुवातीला फार जड गेलं. प्रश्न जिभेवर यायचा आणि मी चहाबरोबर गिळायची.

मोगरा शेवटी गेलाच. जास्वंदीच्या फांदीवरच्या एका डोळ्यातून मात्र हिरवा कोंब आला. मला आधी दिसला, पण मी तोंड शिवून बसले. मायनं पाहिला की नाही, तेही मी विचारलं नाही. दुपारी ती डोक्यावर ओला पंचा टाकून कुठं तरी गेली. परत आली ती घामाघूम, हातात तीच खाटेखालची पिशवी. मागच्या गल्लीतल्या गोठ्यातून शेणखत आणलं होतं, पिशवी चेनपर्यंत भरून. अंगणात तिनं ती पालथी केली. वास घरभर पसरला.

मी आत जाऊन कपाट उघडलं. रिकाम्या खणात तिची पातळं रचून ठेवलेली होती.