उपाशीपोटी, दोन कप चहा

"सही करा मॅडम, आणि विषय संपवा," डायरेक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. शेजारी प्रेस नोट टाईप होऊन तयार होती.

मी पेनाला हात लावला नाही.

शहरात क्रांती चौकाजवळच्या एका आरोग्य संस्थेत मी तेव्हा स्टॅटिस्टिशियन होते. रक्त काढणं माझं काम नव्हतं. लोकांचं वय, कमरेचं माप, बीपी, तंबाखू आणि साखर हे सगळं एकत्र करून, पुढच्या दहा वर्षांत एखाद्या गावात मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका किती जणांना आहे, याचा अंदाज मी बांधायचे. त्याला रिस्क स्कोअर म्हणतात. त्यातला एक आकडा चुकला की पुढची सगळी बेरीज चुकते. म्हणून आम्ही साखर उपाशीपोटी मोजतो. खाल्ल्यावर ती कोणाचीही वाढते.

आमच्या तपासणी शिबिराच्या त्या रिपोर्टात पाचोडकडच्या एका खेड्यातल्या शेतमजुरांची साखर शहरातल्या छावणी भागातल्या पेन्शनरांपेक्षा जास्त निघाली होती. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बायकांची! ते मला काही केल्या पटेना.

"सर, एकदा परत तपासू या."

"परत कशाला? आकडा किती भारी आलाय बघा. पेपरवाले उचलून धरतील."

"आकडा भारी नसतो सर. बरोबर असतो, नाहीतर चूक."

"अहो, शिबिरातच गोळ्यासुद्धा देऊन झाल्या. आता काय परत?"

हे मला ठाऊकच नव्हतं. बोटाला एकदा सुई टोचून आलेला आकडा हा फक्त इशारा असतो. दुसऱ्या दिवशी नीट तपासल्याशिवाय कोणाला मधुमेह आहे असं म्हणायचं नसतं, मग गोळ्या कसल्या देता? मी रिपोर्ट तसाच टाकून बाहेर आले. जिना उतरतानाच फोन वाजला. त्या गावच्या आशा सेविका, सुनंदाताई, बोलत होत्या.

"मॅडम, कौसाबाई कापसात चक्कर येऊन पडली. तुमच्या शिबिरातली गोळी खाल्ली व्हती तिनं. हात-पाय गार, घामानं चिंब. मी गुळाचं पाणी पाजलं तवा कुठं डोळे उघडले."

साखर वाढलेलीच नसेल आणि ती उतरवायची गोळी पोटात गेली, तर माणूस असा कोसळतो. सुनंदाताई तिथं नसत्या तर काय झालं असतं, हे सांगायला नको. साखर वाढलेल्यांच्या त्या यादीत आणखी किती जण होते ते मला माहीत होतं, कारण यादी माझ्याच कॉम्प्युटरवर होती. मी सुनंदाताईंना सगळ्यांच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाव गाठलं.

कौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"मावशी, रक्त दिलं त्या दिवशी उपाशी होतात ना?"

"व्हय की. अन्नाचा कण बी नव्हता पोटात."

"चहा घेतला होता?"

"च्या तर घेतलाच. घरून निघताना एक कप, आन् तिथं मांडवात एक. लई येळ बसवून ठेवलं, तवा तुमच्याच माणसानं आणून देल्ला. च्याला कोनी खानं म्हनतं का, म्याडम?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही लोकांना उपाशीपोटी बोलावलं, ताटकळत ठेवलं, साखर घातलेला चहा पाजला आणि मग त्यांच्या रक्तात साखर सापडली म्हणून गोळ्या दिल्या!

तशीच तावातावानं परत येऊन मी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये शिरले, चहाचं सगळं सांगितलं आणि ग्लुकोमीटर टेबलावर आपटला.

"दोन कप चहानं असा काय फरक पडतो?" ते म्हणाले.

"बघू या ना. आता तुमचं बोट द्या. मग चहा मागवा. तासाभरानं परत द्या."

त्यांनी हात मागे घेतला. "मॅडम, यादी मागं घेतली तर संस्थेचं नाक कापलं जाईल."

"बाई मेली असती तर वाचलं असतं का?"

प्रेस नोट गेलीच, फक्त माझ्या सहीविना. बातमी छापून आली आणि तिचं कात्रण अजूनही त्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे, असं ऐकते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन आम्ही गाव परत तपासलं. या वेळी पाण्याशिवाय काही नाही. बहुतेकांची साखर ठीक निघाली, कौसाबाईंचीही. यादी आटली आणि मी मोठ्या दिमाखात तो जुना फॉर्म बाहेर काढला, कोणी केला हा गाढवपणा ते बघायला.

प्रश्न होता, 'सकाळपासून काही खाल्लं आहे का?' फॉर्म मीच तयार केलेला. मी, जी संकष्टीला चार चहा पिऊन सगळ्यांना सांगते की मी आज उपाशी आहे! गावकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं अगदी खरं उत्तर दिलं होतं. स्वतःवर मी इतकी कधीच चिडले नव्हते.

आता फॉर्ममध्ये विचारते, 'पाणी सोडून सकाळपासून तोंडात काय काय गेलं?' पहिला रकाना चहाचा. ही अक्कल मला आधी यायला हवी होती, कारण त्या यादीत किसनराव होते, कौसाबाईंचे यजमान. त्यांची साखर दुसऱ्या वेळीही वाढलेली निघाली. खरोखरची, बऱ्यापैकी जास्त. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्यांनी उकिरड्यावर फेकल्या. मी समजवायला चार वेळा गेले.

"किसनराव, या वेळचा आकडा खरा आहे हो."

"म्याडम," ते शांतपणे म्हणाले, "पयल्यांदा बी तुम्ही हेच म्हनले व्हते."